तळ्यातला बर्फ, बंदरातला बर्फखाना

बर्फाचे कारखाने निघण्याआधी सुमारे चाळीस-पंचेचाळीस वर्षे कोलकाता, मुंबई आणि मद्रास या बंदरांत अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ विकला जात होता. त्यापूर्वी घरोघरी गारव्यासाठी माठ आणि रांजण असत. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून आतले पाणी गार करत, अशी नोंद ‘आइन-ए-अकबरी’त आहे. बंगालमध्ये थंडीच्या कोरड्या रात्री गवतावर उथळ मातीच्या थाळ्या मांडून पहाटे त्यांतला पातळ बर्फ गोळा करत.

बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६ मध्ये मार्तिनिक बेटावर बर्फ नेला, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढले. त्याचा धंदा उभा राहिला तो इतरांना नकोशा असलेल्या वस्तूंवर. तळी फुकट गोठत, लाकडाच्या गिरण्यांतला भुसा टाकाऊ होता आणि भारतातून माल आणायला निघालेल्या जहाजांना जाताना पुरेसा माल मिळत नसे. ट्यूडरचा सहकारी नॅथॅनियल वायथ याने घोड्याने ओढायचा बर्फनांगर काढला आणि एकसारखे ठोकळे निघू लागले. ते एकमेकांना चिकटून रचले की मधे हवा राहत नाही आणि बर्फ कमी वितळतो. बाहेरची उष्णता अडवण्याचे काम भुश्याचे.

मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. चार महिन्यांत दोनदा विषुववृत्त ओलांडून ते कोलकात्याला पोचले, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता.

मुंबईत पुढच्याच वर्षी जहांगीर नसरवानजी वाडिया यांनी बर्फ आणवला. व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम आले आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली. गोदीजवळ पुढे बर्फखाना बांधला गेला. जहाज लांबले की शहरात बर्फाचा दुष्काळ पडे. हा बर्फ मुख्यतः पेयांत आणि तापकऱ्याच्या डोक्यावर जाई. अन्न टिकवण्याचे काम सामान्य घरात मीठ, ऊन आणि तेलच करत राहिले. सुकट आणि लोणच्याला बॉस्टनची गरज नव्हती.

१८७८ मध्ये कोलकात्यात बेंगॉल आइस कंपनी निघाली आणि यंत्राच्या बर्फापुढे हा व्यापार काही वर्षांतच आटला. मुंबईचा बर्फखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पाडला गेला. मद्रासचा मात्र समुद्रकाठी अजून उभा आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते, म्हणून आता तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.