गाळाने वसवलेलं नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात. ही उपमा डॉ. सालिम अलींच्या नावाने सांगितली जाते, आणि ती वाटते त्याहून नेमकी आहे. भरतपूरचं केवलादेव अजान बांधामुळे झालं, नांदूरचं पाणथळ कालव्यांमुळे. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी १९०७ ते १९१३ दरम्यान बंधारा बांधला गेला, तो कोपरगावकडच्या अवर्षणी पट्ट्याला पाणी देण्यासाठी. पुढे १९१६ साली वर दारणा धरण झालं. तिथे साठवलेलं पाणी नदीतून खाली सोडायचं आणि नांदूरला डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं, अशी ही व्यवस्था. कालव्याच्या तोंडाशी पातळी टिकवायची तर बंधाऱ्यामागे पाणी अडून राहणारच. पाणी संथ झालं की गाळ बसतो. दरवर्षीच्या पुराने आणलेल्या मातीतून उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पतींची दाटी तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. ऑक्टोबरपासून उतरू लागणाऱ्या बदकांना मात्र हेच हवं होतं.

नदी तर आधीही होती, पक्षीही येत असतील, असं कोणी म्हणेल. येत असतीलच, चक्रवाकाला वाळूचा काठही पुरतो. पण पसरट चोचीने पाणी गाळून खाणारा थापट्या किंवा शेपटी वर करून तळ चाळणारा तलवार बदक यांचे मोठे थवे पावसाळ्यानंतर आटत जाणाऱ्या पात्रावर हिवाळाभर पोसले जाणं कठीण. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गाळामुळे पुराचा फुगवटा मागे सरकतो, चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरतं, मग गाळ का काढू नये? जरूर काढावा, पण मुख्य प्रवाहातला, आणि थंडीचे पाहुणे परतल्यावर. सरसकट उपसा केला तर १९८६ साली ज्यासाठी अभयारण्य जाहीर केलं, ते उथळ पाणीच जाईल. जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नांदूरचं नाव जाहीर झालं, तेही याच पाण्याच्या बळावर. वनखात्याने कितीही राखण केली, तरी ऐन हंगामात पाणी किती उथळ राहणार हे कालव्याच्या आवर्तनांवरही ठरतं. म्हणून आवर्तनांचं वेळापत्रक आखताना पाटबंधारे खात्याने वनखात्यालाही बैठकीला बोलवायला हवं.