रूळ गेले, वाट राहिली... आणि फाटक?



शनिवारी सकाळी आपण ज्या ट्रेलवर चालायला किंवा मुलांना सायकल शिकवायला जातो, ती इतकी सरळ आणि सपाट कशी, असा प्रश्न कधी पडलाय? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : तिथून एके काळी आगगाडी जायची. इंजिनाला मोठा चढ झेपत नाही आणि एकदम वळताही येत नाही. म्हणून त्या काळच्या इंजिनियरांनी टेकड्या कापल्या, खोलगट जागी भराव घातले, नाल्यांवर पूल बांधले. त्याचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना होतोय!

पण या सुंदर वाटेवर मैल-अर्ध्या मैलावर एखादा रस्ता आडवा येतो, आणि ट्रेलचा सगळा निवांतपणा तिथे संपतो. पूर्वी तिथे फाटक होतं. त्या फाटकाचं पुढे काय झालं, ते सांगायला हा लेख.

सुरुवात १९१६ पासून करू. त्या साली अमेरिकेतलं रेल्वेचं जाळं सगळ्यात मोठं होतं, जवळजवळ २,५४,००० मैल. मग मोटारी आल्या, ट्रक आले, महामार्ग झाले आणि रेल्वे कंपन्या एकेक फाटा बंद करू लागल्या. शिकागोच्या पश्चिमेला व्हीटन, ऑरोरा, एल्जिन या गावांकडे एक विजेवरची रेल्वे होती. ३ जुलै १९५७ रोजी तिची प्रवासी सेवा भर दुपारी बंद झाली. सकाळी गाडीने कामावर गेलेल्या लोकांना संध्याकाळी परतायला गाडीच नाही! (मुंबईकरांनी क्षणभर कल्पना करून पाहावी.) पुढे रूळ निघाले आणि जमीन तशीच पडून राहिली. १९६३ च्या सप्टेंबरात मे थीलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहिलं, की ही पट्टी बुलडोझरच्या हाती जाण्याआधी तिची पायवाट करा. त्या पत्रातून 'इलिनॉय प्रेअरी पाथ' उभी राहिली. त्या भागात आज आपली बरीच मंडळी राहतात. त्यातल्या किती जणांना वॉट्सबाईंचं नाव माहीत असेल?

दुसरं उदाहरण वॉशिंग्टनजवळचं. हर्नडन, रेस्टन, ॲशबर्नकडे राहणाऱ्यांना 'डब्ल्यू अँड ओ डी' ट्रेल म्हणजे अंगणच. या रेल्वेचं बांधकाम १८५५ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये ती लीसबर्गला पोचली. शेवटची गाडी धावली १९६८ च्या ऑगस्टमध्ये. जमिनीचा मोठा भाग वीज कंपनीने तारांसाठी घेतला, म्हणून आजही ट्रेलच्या डोक्यावर ते उंच मनोरे दिसतात. १९७४ मध्ये फॉल्स चर्च गावात पहिला छोटा तुकडा लोकांसाठी खुला झाला आणि १९८८ मध्ये वाट पर्सेलव्हिलपर्यंत पोचली. लांबी ४५ मैल, पट्ट्याची रुंदी जेमतेम १०० फूट.

कायद्याच्या बाजूने हे सोपं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हतीच, फक्त गाडी नेण्याचा हक्क होता. गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपणार आणि जमीन शेजारच्या मालकांकडे परत जाणार. म्हणजे ४० मैलांच्या सलग वाटेचे शेकडो तुकडे. यावर १९८३ मध्ये काँग्रेसने एक युक्ती काढली : मार्ग कायमचा बंद झाला असं मानायचंच नाही. पुढे कधी रेल्वे लागली तर असावा म्हणून तो 'राखून' ठेवायचा आणि तोवर तिथे लोकांनी चालायचं. जमीनमालक कोर्टात गेले. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने ही तरतूद उचलून धरली. (मालकांना नुकसानभरपाई मागण्याची वाट मात्र खुली ठेवली.) आज देशभरात अशा रेल्वे-ट्रेल २५,००० मैलांच्या पुढे गेल्या आहेत.

इथपर्यंतची गोष्ट ट्रेलच्या माहितीफलकांवर वाचायला मिळते. फाटकाची गोष्ट तिथे लिहिलेली नसते.

आगगाडी धावत होती तेव्हा आडव्या रस्त्यावर थांबायचं कोणी? अर्थातच रस्त्यावरच्या गाडीने. भरलेली मालगाडी थांबायला मैलभर अंतर लागू शकतं, त्यामुळे घंटा, दिवे, दांडा हे सगळं तिच्यासाठी. रूळ निघाले, त्याच पट्टीवरून माणूस चालू लागला आणि त्याच जागी हक्क उलटा झाला. आता छोटीशी 'स्टॉप'ची पाटी ट्रेलकडे तोंड करून उभी, आणि गाड्या ताशी ४५ मैलांनी सुसाट. बारकाईने पाहिलं तर नियम बदललेलाच नाही. जो जड आहे, ज्याला थांबणं कठीण आहे, त्याला वाट द्यायची. पूर्वी तो आगगाडी होता, आता मोटार झाली. ताशी ४५ मैल वेगाच्या गाडीला समोरचं दिसून, विचार करून, थांबेपर्यंत ३६० फूट लागतात, असं रस्ते बांधणारे धरून चालतात. ताशी २५ मैलांना १५५ फूट पुरतात. तेव्हा क्रॉसिंगचा प्रश्न रंगाच्या आधी वेगाचा आहे.

फाटकावर माणसांचा जीव जातो ही तक्रार काही आजची नाही. मिनियापोलिसची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. तिथे शहराच्या मधून २९ व्या रस्त्याच्या कडेने 'मिलवॉकी रोड' कंपनीची रेल्वे जमिनीवरूनच जायची आणि प्रत्येक चौकात फाटक. लोकांनी आरडाओरडा केला. शेवटी १९१० च्या सुमारास शहराने कंपनीला भाग पाडलं की रूळ जमिनीखाली न्या. १९१२ ते १९१६ या काळात जवळजवळ पावणेतीन मैलांचा खंदक खणला गेला आणि वरून रस्ते नेण्यासाठी ३७ पूल बांधले गेले. पुढे रेल्वेची वाहतूक घटत गेली, खंदक ओस पडला. मग २००० साली त्याच खंदकात 'मिडटाऊन ग्रीनवे'चा पहिला टप्पा सुरू झाला. आज तुम्ही त्या खंदकातून सायकल हाणत जाता आणि रस्ते डोक्यावरून जातात. एकही सिग्नल नाही! पादचाऱ्यांना आगगाडीपासून वाचवायला केलेला खर्च नव्वद वर्षांनी त्यांना मोटारींपासून वाचवायला उपयोगी पडला. पण ग्रीनवे खंदकातून वर जमिनीवर आली की तिथे पुन्हा तोच प्रश्न, आधी कोण? पूर्वेकडे हायवाथा ॲव्हेन्यूसारखा मोठा रस्ता आडवा आला, तेव्हा २००७ मध्ये त्यावरून खास पूल बांधावा लागला.

पण प्रत्येक गावाकडे खंदक नसतो आणि पुलाला पैसे नसतात. मग स्वस्त उपाय कोणता? रंग! दोन डबे पांढरा रंग घ्या आणि पट्टे मारा. हा रंग किती कामाचा, याचा इतिहास आपल्यासारख्या डेटा पाहणाऱ्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. १९७२ मध्ये ब्रूस हर्म्स यांनी सॅन डिएगोतल्या ४०० चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष धक्कादायक होता. पट्टे मारलेल्या जागी पादचाऱ्यांचे अपघात सहापट. पट्ट्यांवरून चालणारेही जास्त होते, पण साधारण तिप्पटच. म्हणजे हिशेबाने धोका दुप्पट. झालं, काही शहरांनी चक्क पट्टे पुसायला घेतले! पट्टे दिसले की लोक बेफिकीर होतात, असा सगळा दोष पादचाऱ्यांच्या माथी मारला गेला. पुढे लोकांच्या वागण्याचा प्रत्यक्ष अभ्यास झाला तेव्हा या बेफिकिरीला काही पुरावा मिळाला नाही.

२००५ मध्ये चार्ल्स झेगीर आणि सहकाऱ्यांनी केंद्र सरकारच्या महामार्ग खात्यासाठी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३० शहरांतल्या २,००० जागा होत्या, निम्म्या पट्टेवाल्या आणि निम्म्या बिनपट्ट्याच्या. सिग्नल किंवा स्टॉप नसलेल्या दुपदरी रस्त्यावर पट्ट्यांनी काहीच फरक पडत नव्हता. पण अनेक लेनचा रस्ता आणि दिवसाला १२,००० च्या वर गाड्या असतील, तर नुसते पट्टे मारलेल्या जागी अपघातांचं प्रमाण बिनपट्ट्याच्या जागेपेक्षा जास्त निघालं. निष्कर्ष पट्टे पुसा असा नव्हता. अशा रस्त्यावर रंगाच्या जोडीला आणखी काहीतरी हवं, असा होता. उंच दुभाजक हवा, म्हणजे मध्ये थांबता येतं, किंवा सिग्नल हवा, किंवा रस्ता अरुंद हवा.

असं का होतं, ते समजून घेणं जरुरीचं आहे, कारण यात सापडतात ती बहुधा मुलं आणि वयस्कर माणसं. चौपदरी रस्ता आहे. जवळच्या लेनमधली गाडी सभ्यपणे थांबते, ड्रायव्हर हसून हात करतो. आपण पुढे निघतो. त्याच दिशेने पलीकडच्या लेनमधून येणाऱ्याला थांबलेल्या गाडीमुळे आपण दिसतच नाही, आणि आपल्याला तो दिसत नाही. पहिल्याचा सज्जनपणाच घात करतो. यावरचा एक स्वस्त उपाय म्हणजे गाड्या थांबण्याची रेघ पट्ट्यांच्या बरीच अलीकडे आखणं, म्हणजे दोघांना एकमेकं दिसतात. मोठी व्हॅन किंवा एसयूव्ही थांबली असेल तर हे अंतर आणखी महत्त्वाचं.

आता फ्लोरिडा. पिनेलस काउंटीत १९८३ मध्ये एक तरुण मुलगा सायकलवरून जाताना गाडीची धडक बसून गेला. त्याच्या वडिलांनी सुरक्षित वाटेसाठी ध्यास घेतला, आणि बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर पिनेलस ट्रेल झाली. पहिला भाग १९९० मध्ये खुला झाला. मोठ्या रस्त्यांवर पूल बांधले गेले. आणि याच काउंटीतल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात एका नव्या दिव्याची मोठी चाचणी झाली. पादचाऱ्याने बटण दाबलं की पाटीखालचे दोन पिवळे आयताकृती दिवे झपझप, वेड्यावाकड्या तालात लुकलुकतात. साध्या क्रॉसिंगवर सरासरी १८ टक्के ड्रायव्हर थांबत होते, या दिव्यांनी ते प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. २००८ मध्ये देशभर वापरायला तात्पुरती परवानगी मिळाली. पुढचा किस्सा खास आपल्या क्षेत्रातला. सरकारी नियमावलीत पेटंट असलेलं उपकरण चालत नाही, आणि या दिव्यावर पेटंट आहे हे उघडकीला आल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये परवानगी काढून घेतली गेली. नवे दिवे बसवणं ठप्प! मार्च २०१८ मध्ये पेटंटचा गुंता सुटला आणि परवानगी परत आली. जीव वाचवणारी वस्तू तीन महिने कागदात अडकली होती.

याहून रुंद रस्त्यांसाठी ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात रिचर्ड नासी या ट्रॅफिक इंजिनियरने 'हॉक' नावाचा सिग्नल घडवला. एरवी तो विझलेला असतो. बटण दाबलं की आधी लुकलुकता पिवळा, मग स्थिर पिवळा, मग लाल. २००९ च्या राष्ट्रीय नियमावलीत त्याला जागा मिळाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जागी पादचाऱ्यांचे अपघात ६९ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. थोडक्यात, फाटक परत आलं, फक्त या वेळी बटण पादचाऱ्याच्या हातात आहे.

त्याच २००९ च्या नियमावलीत आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. ट्रेल आणि रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथे आधी कोण, हे ठरवताना फक्त वेग पाहू नये. ट्रेलवर गर्दी असेल आणि रस्ता शांत असेल, तर थांबण्याची पाटी रस्त्याकडे तोंड करून लावणंही योग्य ठरतं. म्हणजे १९६८ च्या आधीसारखंच!

मग हे सगळीकडे का होत नाही? देशातल्या पादचारी मृत्यूंचा आकडा २००९ मध्ये ४,१०० च्या आसपास होता, २०२२ मध्ये तो ७,५०० च्या वर गेला. उपाय माहीत असूनही ही वाढ झाली. माझ्या मते एक कारण असं, की ट्रेल बांधणारं खातं बागांचं आणि रस्ता बांधणारं वेगळं. क्रॉसिंग दोघांच्या हद्दीवर येतं. दोन टीमच्या मधल्या इंटरफेसचं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

यात आपला संबंध कुठे येतो? सहा महिन्यांसाठी इकडे आलेल्या आई-बाबांना गाडी चालवता येत नाही. संध्याकाळचा फेरफटका हेच त्यांचं स्वातंत्र्य. आयुष्यभर आधी उजवीकडे बघून रस्ता ओलांडायची सवय असते आणि इथे गाडी आधी डावीकडून येते. हात दाखवला की गाडी वेग कमी करेल, हा भरवसा ४५ च्या रस्त्यावर चालत नाही. तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर ट्रेलवर जा. बटण कुठे आहे ते दाखवा. एक गाडी थांबली तरी पुढच्या लेनशी थांबून पुन्हा बघायचं, हे मुलांना सांगतो तसंच त्यांनाही सांगा. राग आला तर येऊ द्या.

आणि आपल्या जवळच्या क्रॉसिंगवर किती लेन आहेत, वेगमर्यादा किती, दुभाजक आहे का, हे एकदा पाहून या. चार लेन आणि नुसते पट्टे दिसले तर शहराच्या ट्रॅफिक इंजिनियरला पत्र लिहा. झेगीर अभ्यासाचं नाव त्यात जरूर घाला, त्याला ते माहीत असतं. कौन्सिलच्या सभेत तीन मिनिटं बोलायला मतदार असावं लागत नाही, व्हिसा कोणता हेही कोणी विचारत नाही. वॉट्सबाईंनीही सुरुवात एका पत्रानेच केली होती.

तुमच्या गावातली ट्रेल कुठल्या रेल्वेची, आणि तिथलं क्रॉसिंग कसं आहे, ते अवश्य कळवा.