कॅमेऱ्याखालची तिवई

मंडळी, सिनेमाच्या इतिहासात कॅमेऱ्याचं कौतुक होतं, नटांचं होतं. पण कॅमेरा ज्या तिवईवर उभा राहतो तिचं नाव कुणी घेत नाही. आज थोडं तिच्याविषयी.

१८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. मला वाटतं, कुस्ती निवडण्यात सोयही होती. कॅमेरा एका जागी रोवला की झालं, पैलवान काही लांब पळत नाहीत!

पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली. मध्येच कॅमेरा थोडा जरी सरकला असता, तर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसलं असतं. ही फिल्म दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे आपल्या सिनेमाचा पाया स्थिर उभ्या कॅमेऱ्यावर आहे.

पण धावणारी वस्तू टिपायची तर कॅमेरा फिरवावा लागतो. धातूवर धातू घासला की काय होतं? पावसाळ्यात फुगलेला टेबलाचा खण आठवा. आधी अडतो, मग एकदम सुटतो. चित्रातही तसाच हिसका दिसतो. यावर उपाय निघाला दाट द्रवाचा. १९४० च्या दशकात सिडनीत एरिक मिलर यांनी असं ‘फ्लुइड हेड’ तयार केलं. अमेरिकेत चॅडवेल ओकॉनर या इंजिनिअरने वाफेच्या आगगाड्या टिपण्याच्या छंदापायी आपलं वेगळं हेड बनवलं. पुढे वॉल्ट डिस्नेंनी ते वापरलं आणि ओकॉनरना १९७५ सालचा तांत्रिक ऑस्करही मिळाला. तत्त्व सोपं आहे. मधात चमचा सावकाश फिरवा, सहज फिरतो. झटका द्या, मध अडवतो.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या चिखलीतलाच एक जुना विद्यार्थी. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा मार्ग कायमचा मोकळा केला, तेव्हापासून हा घाटाघाटांत चित्रीकरण करतो. कॅमेरा घेतला जड आणि महाग, तिवई मात्र साध्या फोटोची. बारी काही सेकंदांत संपते आणि शेतकऱ्याची जोडी पुन्हा त्याच जोमात पळेलच असं नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपल्या बैलाची शेवटची बारी पाहायची होती. चित्रात बैल कमी आणि आभाळच जास्त दिसलं. त्या शेतकऱ्याचा चेहरा पाहिल्यावर पोराने शोध सुरू केला, आणि त्याच्यामुळे मीही शिकलो.

वजन मोजताना लेन्स, बॅटरी, माइक सगळं धरायचं. पण हेड उगाच फार मोठंही नको. आतली तोल सांभाळणारी स्प्रिंग जास्त जोरकस असेल तर हलका कॅमेरा आपोआप वर उचलला जातो. कॅमेरा पुढे वाकवून हात जपून सैल करा. तिथेच थांबला तर जोडी जमली. पाय घट्ट करून हेड थोडं पिळून बघा. सोडल्यावर ते मागे फिरलं तर पाय कच्चे. हेड वाटीत बसणारं असावं. जड कॅमेऱ्यांना बहुधा शंभर मिलिमीटरची वाटी लागते. घाटाच्या उतारावर पायांशी झटापट न करता ती सैल करून कॅमेरा समतल होतो. उंचसखल जमिनीवर पायांना जोडणारा आधार तळाशी नको, मध्यावर हवा.

आणि पाय तीनच का? चार पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांची तिवई कुठेही टेकते. भूमितीचा हा धडा मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवला.

असो. कॅमेरे दर दोन-चार वर्षांनी जुने होतात. चांगली तिवई त्यातले पाच-सहा सहज पचवते. तेव्हा पैसे वाचवायचेच असतील तर कॅमेऱ्यात वाचवा.