काश्मीरचा फुटलेला कागद आणि गोखल्यांची हरकत

इंदूरच्या रेसिडेन्सीवरून जाताना मला दर वेळी वाटतं, इथं बसून एजंटसाहेब होळकरांबद्दल जे लिहीत, ते होळकरांना वाचायला मिळत नसे. शिंदे, गायकवाड, सगळ्यांची तीच गत. गोपनीय अहवाल वर जाई आणि दरबाराला थेट निर्णयच कळे. म्हणून काश्मीरचं प्रकरण मला परकं वाटत नाही.

१८८९ साली महाराजा प्रतापसिंगांच्या हातून कारभार काढून घेतला गेला. कारण सांगितलं, गैरव्यवस्था. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या 'अमृत बाजार पत्रिके'ने परराष्ट्र खात्याचा एक गुप्त कागद छापला. पत्रिकेचं म्हणणं असं, की सरकारचा खरा डोळा गिलगिटच्या सरहद्दीवर आहे. कागद कोणी दिला, हे अर्थातच छापलं नाही.

व्हाइसरॉय लॅन्सडाऊन संतापले. छापलेल्यात थोडं खरं आणि बाकी बनावट, असं त्यांनी सांगितलं. आता गंमत बघा: कागद बनावट म्हणायचा, आणि तो फुटला म्हणून रागही धरायचा! १७ ऑक्टोबरला सिमल्यात सरकारी गुपितांचा कायदा मंजूर झाला.

पत्रिकेमुळेच हा कायदा जन्मला, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. विलायतेत तसाच कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला होता. इथला त्याच्याच धर्तीवरचा. पत्रिकेने फार तर घाई करायला निमित्त दिलं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कर्झनच्या काळात या कायद्याचा पट्टा लष्करी गुपितांवरून मुलकी कारभारापर्यंत ताणायचं ठरलं. ४ डिसेंबर १९०३ रोजी कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले त्याविरुद्ध उभे राहिले. एरवी आकडेवारीत रमणारा हा माणूस त्या दिवशी चांगलाच कडाडला. त्यांचा आक्षेप नेमका होता: वॉरंटाशिवाय अटक, जामीन नाही, आणि निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करायचं. कचेरीतली बातमी छापणारा संपादक हेराच्याच रांगेत. शिवाय गोऱ्या संपादकाच्या अंगाला पोलीस हात लावणार नाहीत, भोगावं लागेल ते देशी पत्रांना, हेही त्यांनी बोलून दाखवलं. इथे सरकारला जाब विचारणारी लोकसभा नव्हती. वर्तमानपत्र हाच काय तो जाब.

पण विधेयकाला केवळ देशी पत्रांनीच विरोध केला असं नाही. अँग्लो-इंडियन पत्रंही बिथरली होती. निवड समितीने काही धार बोथट केली. ४ मार्च १९०४ ला गोखल्यांनी पुन्हा विरोध केला. सरकारी बहुमतापुढे तो टिकणार नव्हताच. कायदा झाला. १९२३ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि तो आजही लागू आहे. फुटलेला कागद घेणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे, फक्त देणाऱ्यालाच नाही.