बाळगोळी व अफूचा महसूल : रत्नागिरीकर गिरणीकामगारांच्या इतिहासांतील एक प्रकरण

जुनीं दप्तरें चाळणारास एक गोष्ट लौकरच कळून येते. ज्या जिनसेवर सरकार कर घेतें तिचा हिशेब पैपर्यंत शिल्लक राहतो. त्याच जिनसेनें ज्याचें घर बुडालें त्याला सावरण्यासाठीं काय खर्चलें, याचा कागद मात्र क्वचितच हातीं लागतो. अफूच्या इतिहासांत हें पदोपदीं दिसतें. रत्नागिरी जिल्ह्यांतील ज्या कुटुंबांनीं मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य घालविलें त्यांच्यापुरताच हा विषय येथें घेतला आहे.

अफू कोंकणपट्टीस नवी नव्हे. गोव्यांत राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्यानें इ. स. १५६३ त छापलेल्या आपल्या ग्रंथांत तिच्यावर स्वतंत्र संवाद लिहिला आहे. भावप्रकाशांत ती अहिफेन या नांवानें येते. परंतु औषधाची ही जिन्नस राज्याच्या उत्पन्नाची मोठी बाब झाली ती इंग्रजी अमलांत. माळव्याची अफू कर भरून मुंबई बंदरांतून चीनकडे जाई, आणि देशांतील विक्री १८७८ च्या कायद्यान्वयें परवान्याखालीं आली. १८९३ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशनचा १८९५ चा अहवाल बंदीच्या विरुद्ध पडला. महसुलाचा तोटा कोण भरणार, हा प्रश्न त्या वादांत वारंवार डोकावतो.

रत्नागिरी हा मुंबईस माणसें पुरविणारा जिल्हा. जमीन थोडी, तीहि बहुधा खोताची. तेव्हां बंदरावरून बोट धरावयाची आणि परळ-लालबागच्या चाळींत बिऱ्हाड करावयाचें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. बायकोहि गिरणींत सूत गुंडाळण्याच्या कामास जाई. तान्हें मूल खोलींत, सांभाळणारें कोणी नाहीं, आणि कामाचा दिवस दहा तासांचा. अशा वेळीं बाळगोळी, म्हणजे अफू घातलेली बारीक गोळी, देऊन मूल निजविलें जाई. मुंबई सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनीं १९२२ सालीं नमूद केलें कीं, गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. हा आंकडा वाचून आयांना दोष देणें सोपें आहे. परंतु जिला संध्याकाळपर्यंत मुलापाशीं बसणारें माणूस मिळत नव्हतें तिनें काय करावें, याचें उत्तर उपदेशानें मिळणारें नव्हतें.

मात्रा चुकली कीं मूल निजेंतून उठत नसे. बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओंठ निळे पडतात, श्वास मंदावतो आणि थांबतो. यावरील नेमका उतारा जो नॅलोक्सोन, त्याच्या पेटंटासाठीं अर्ज झाला तो १९६१ सालीं.

आतां खर्चाची बाजू. अफूच्या परवान्याचा पैसा अबकारी खात्यांत जमा होई. चाळींतून हिंडणाऱ्या सुइणी व परिचारिका यांचा भार मात्र पुष्कळसा धर्मादाय वर्गणीवर. १९२९ च्या मुंबईच्या प्रसूतिलाभ कायद्यानें बाळंतपणाचा पैसा गिरणीमालकावर पडला. १९४८ च्या कारखाने कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचें केलें. माझ्या मतें बाळगोळीवर खरा इलाज तो हाच. (या खर्चामुळेंहि मालकांनीं स्त्रिया कमी केल्या, ही दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं.)

१९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यांत पुढें ७-अ हें कलम आलें व १९८९ त राष्ट्रीय निधि स्थापन झाला. जप्त मालमत्तेच्या विक्रीचा पैसा त्यांत जमा करावयाचा, आणि व्यसनी माणसें हुडकणें, त्यांवर उपचार करणें, त्यांना पुन्हा उभें करणें, हे त्याचे हेतु कलमांतच लिहिले आहेत. जमा व खर्च निदान कागदावर एका वहींत आले ते येथें. 'हुडकणें' हा शब्द मोलाचा आहे. इमारत बांधून कोणी हुडकला जात नाहीं, दारोदार जाणारा माणूस लागतो. अतिमात्रा झालेला मनुष्य ज्यांच्या दृष्टीस पडण्याचा संभव त्यांच्या हातीं नॅलोक्सोन असावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं सुचविलें. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. पण नॅलोक्सोनचा अंमल सुमारें अर्धा ते दीड तास टिकतो. अंगांतील विष त्याहून टिकाऊ असलें तर श्वास पुन्हा बुडतो. म्हणून सुई टोंचून गाडी माघारी नेणें पुरत नाहीं. उशाशीं कोणी बसावें लागतें, दुसऱ्या दिवशीं पुन्हा जावें लागतें. हा खर्च पगाराचा, आणि पगारास देणगीदार सहसा लाभत नाहीं. त्यावर कोनशिला बसवितां येत नाहीं ना!

संग्राहकांस एक विनंती आहे. राजापूर, चिपळूण, गुहागर या बाजूच्या घरांतून रुमाल उलगडतांना सनदा, महजर तेवढे वेगळे काढून बाकीचें रद्दींत घालण्याची आपली संवय आहे. त्या रद्दींत वैद्यांचीं बाडें, अफूच्या दुकानाचे परवाने, मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या आणि बायकांनीं लिहवून घेतलेलीं पत्रें असावयाचीं. मुलाच्या औषधाचा, सुइणीच्या बिदागीचा एखादा आकडा त्यांत आढळल्यास तो कागद फाडूं नये; नक्कल करून गांवाच्या नांवासह मंडळाकडे पाठवावी.