जमिनीचं काय?

जुलै 1860. अलाबामातल्या मोबाइल शहराजवळ, नदीकाठच्या दलदलीत तुम्ही उभे आहात. समोर ‘क्लोटिल्डा’ हे जहाज पेटलंय. कॅप्टन विल्यम फॉस्टरनं स्वतःच आग लावलीय, कारण आफ्रिकेतून गुलाम आणायला 1808पासून बंदी आहे आणि ऊइदा बंदरातून त्यानं 110 जण आणलेत. पैसा इथल्या धनाढ्य टिमोथी मीहरचा. कायदा मोडून दाखवीन, अशी त्याची पैज होती. जहाजावर चढवतानाच ज्यांचे कपडे ओरबाडून घेतले, ती माणसं आता वेळूच्या बेटांत दडवलीत.

एप्रिल 1865. त्या माणसांतलाच एक, कोसोला, मीहर कुटुंबाच्या बोटीवर राबतोय. इथं त्याला कुजो लुईस म्हणतात. काठावर यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या फौजेचे शिपाई झाडावरच्या तुती तोडून खातायत. ते सांगतात, तुम्ही मोकळे झालात. जायचं कुठं, ते कुणीच सांगत नाही.

आफ्रिकेत परत जाण्याइतका पैसा गाठीला जमत नाही. मग सगळे कोसोलाला बोलायला पुढं करतात. जंगलात लाकूडतोड चाललेली असताना टिमोथी मीहर येऊन एका झाडावर टेकतो, तेव्हा तुम्ही जवळच उभे राहा, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाची गाठ इथं आहे. कोसोला म्हणतो, आमचं घर होतं, मुलूख होता. तुम्ही इथं आणलंत, फुकट राबवलंत, आता थोडी जमीन द्या. मीहर चिडून उठतो आणि साफ नकार देतो.

मग पुरुष लाकडाच्या गिरणीत खपतात, बाया भाजीपाला विकतात. 1872 साली कोसोला 100 डॉलर मोजून सुमारे दोन एकर घेतो. चर्च उभं राहतं, वस्ती वाढते. तेच आफ्रिकाटाउन.

1920चं दशक सरत आलंय. लेखिका झोरा नील हर्स्टन पीच घेऊन कोसोलाच्या ओसरीवर आलीय आणि तिनं म्हाताऱ्याला मूळ नावानं हाक मारलीय. बायको गेली, सहाही मुलं गेली. फोटोसाठी तो ठेवणीतला सूट घालतो, पण बूट काढून ठेवतो. आफ्रिकेत असल्यासारखं दिसायचंय त्याला. त्याच्याशी बोलून तिनं लिहिलेलं पुस्तक छापून यायला 2018 उजाडावं लागतं.

तोवर आठवण जपली ती जहाजातून आणलेल्यांच्या वंशजांनीच, घराघरांत सांगून. जहाजाची कथा बनावट म्हणणाऱ्यांना 2019मध्ये नदीतल्या सांगाड्यानं उत्तर दिलं. 2023पासून आफ्रिकाटाउनच्या संग्रहालयात त्याचे तुकडे पाण्याच्या टाकीत ठेवलेत. त्याआधी, 2022मध्ये, मीहरच्या वंशजांनी पूर्वजाचं कृत्य अक्षम्य असल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि पुढं दोन्हीकडची माणसं भेटलीही. हे मोलाचंच आहे. पण मीहर कुटुंबाकडे त्या भागात आजही जमीन आहे, आणि कोसोलानं जंगलात जे मागितलं होतं, ते या बोलण्यात यायलाच हवं.