पगडीवाला पोरगा आणि पिवळ्या कमानी

आज मी हॉटेलांवर बोलणार आहे, पण खाण्याबद्दल फार थोडे. कुणाला भूक लागली असेल तर ती माझ्या बोलण्याने भागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. एके दिवशी लेक म्हणाली, ''अब्बा, आज तुम्हाला एक ऐतिहासिक वास्तू दाखवते.'' मी लगबगीने वही-पेन घेतले. आमच्या कोकणात ऐतिहासिक वास्तू म्हणजे किल्ला, नाहीतर जुनी मशीद किंवा देऊळ. तिकडे स्पॅनिश पाद्र्यांनी बांधलेली जुनी चर्चे आहेत, त्यातलेच एखादे असेल असे वाटले. गाडी थांबली ती लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावात, एका हॅम्बर्गरच्या दुकानासमोर! मी वही खिशात घातली. दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर काढली.

दुकान छोटेसेच. लाल-पांढऱ्या फरशांच्या भिंती, पुढे झुकलेले छप्पर, आणि दोन्ही बाजूंना छप्पर भेदून वर गेलेल्या पिवळ्या कमानी. समोर साठ फुटी पाटी. तिच्यावर निऑनच्या दिव्यांत एक गलेलठ्ठ आचारी धावतो आहे. त्याचे नाव स्पीडी. हातात दर, पंधरा सेंट. हे मॅकडोनल्डचे दुकान १९५३ साली उघडले आणि आज चालू असलेल्यांत ते सर्वांत जुने. आत जुन्या पद्धतीने तळलेला सफरचंदाचा पाय मिळतो. आमच्या गोड करंजीचा तो परदेशी चुलतभाऊ म्हणायचा. हलालचा प्रश्न असल्यामुळे आम्ही दोघांनी त्यावरच भागवले.

या कमानींची गोष्ट मोठी गमतीची आहे. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड हे दोघे भाऊ मूळचे न्यू हॅम्पशायरचे. १९४० साली त्यांनी सॅन बर्नार्डिनो गावात खानावळ काढली. गाडीत बसल्या जागी ताट आणून देणाऱ्या मुली, भरपूर पदार्थ, काचेची भांडी, असा सारा थाट. धंदा उत्तम चालला होता. तरीही १९४८ साली त्यांनी तीन महिने दुकान बंद ठेवले, वाढणाऱ्या मुलींना काढून टाकले, भांडी काढली, आणि पदार्थ आणले नवावर. नव्या स्वयंपाकघराची आखणी त्यांनी टेनिस कोर्टावर खडूने केली म्हणतात. माणसांना त्या रेघांवरून खोटे खोटे बर्गर करत चालायला लावले, आणि कोण कुणाला धडकतो ते पाहून रेघा पुसल्या, पुन्हा काढल्या. कारखान्याची शिस्त चुलीपाशी आली ती अशी. वाढणाऱ्या त्या मुलींचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

मग भावांना दुकानाची इमारतही नवी हवी झाली. रिचर्डने कागदावर दोन अर्धवर्तुळे काढली. स्टॅनली मेस्टन या वास्तुविशारदाने ती ताणून, निमुळती करून सुबक केली आणि पाटी करणाऱ्या जॉर्ज डेक्स्टरने त्यांना पिवळा पत्रा नि निऑन चढवले. त्या वेळी त्यांत 'एम' हे अक्षर कुणाच्याही मनात नव्हते. रस्त्याच्या एका विशिष्ट कोनातून दोन कमानी एकमेकींत मिसळलेल्या दिसत आणि अक्षर आपोआप उमटे. ते बोधचिन्ह झाले १९६२ च्या सुमारास. कवी म्हणून मला याचा हेवा वाटतो. आम्ही वर्षानुवर्षे अक्षरे जुळवतो, आणि इथे अक्षर रस्त्यावर पडलेले सापडले!

ही असली भडक दुकाने त्या काळी कॅलिफोर्नियाभर उगवत होती. कारण मोटार. ताशी चाळीस मैलांनी जाणाऱ्या माणसाला दुकान दुरूनच दिसले पाहिजे, तरच त्याचा पाय ब्रेकवर जाईल. म्हणून छपरे पंखांसारखी उडती, पाट्या बाणांसारख्या, रंग लग्नघरासारखे. जॉन लॉटनर या वास्तुविशारदाने १९४९ साली 'गुगीज' नावाचे कॉफीगृह बांधले. डग्लस हॅस्केल या समीक्षकाने १९५२ मध्ये त्यावरून या साऱ्या शैलीला 'गुगी' हे नाव दिले, तेही टिंगलीच्या सुरात. पुढे टिंगलीचे नाव आदराचे झाले. १९७२ साली रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी लास वेगासच्या पाट्यांवर गंभीर ग्रंथ लिहिला, तोपर्यंत पाट्या उतरायला लागल्या होत्या. लोकांची रुची बदलली होती, महामार्ग सुंदर करण्याचा कायदा १९६५ साली आला होता. मॅकडोनल्डनेही १९६० च्या दशकाच्या अखेरीस कमानी काढून तपकिरी विटा आणि उतरती छपरे आणली. आपल्याकडे १९९६ साली ही कंपनी आली, तोवर कमानी फक्त पाटीवर उरल्या होत्या.

मग डाउनीचे दुकान कसे वाचले? कुणाच्या रसिकतेमुळे नव्हे. दूध घुसळण्याची यंत्रे विकणारा रे क्रॉक १९५४ मध्ये या भावांकडे आला, १९५५ मध्ये त्याने शिकागोजवळ डेस प्लेन्सला आपले पहिले दुकान काढले आणि १९६१ साली सत्तावीस लाख डॉलरला भावांचा धंदा विकत घेतला. पण डाउनीच्या मालकांचा करार थेट भावांशी झालेला होता. क्रॉकचे नियम त्यांना लागू नव्हते. म्हणून 'इमारत बदला' हा हुकूमही नाही आणि 'बिग मॅक' विकण्याची परवानगीही नाही! करारातल्या एका फटीत ती वास्तू लपून राहिली. १९९४ च्या भूकंपानंतर ती बंद पडली. तोवर ती कंपनीकडे आलेली होती आणि कंपनीच्या मनात ती पाडायची होती. लोक चवताळले, अमेरिकेतल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने धोक्यातल्या अकरा स्थळांच्या यादीत तिचे नाव घातले, आणि १९९६ अखेर ती पुन्हा उघडली. याउलट डेस प्लेन्सचे क्रॉकचे दुकान आधी पाडले, मग १९८५ मध्ये त्याची नक्कल उभारून संग्रहालय केले, आणि २०१८ च्या सुमारास ती नक्कलही पाडली. वारंवार पाणी भरायचे म्हणे.

तो आचारी स्पीडी मात्र १९६२ मध्ये निवृत्त झाला. त्याच नावाचा एक पोऱ्या दुसऱ्या कंपनीच्या पोटदुखीच्या गोळ्यांची जाहिरात करत होता. जेवणावर पोटदुखीचे नाव नको, हे कुणालाही पटेल. त्याच्या जागी १९६३ साली वॉशिंग्टनमध्ये विदूषक रोनाल्ड आला. पहिल्या रोनाल्डच्या नाकाला कागदी पेला आणि डोक्यावर खाण्याचा ट्रे होता. २०१६ साली अमेरिकेत भेसूर विदूषकांच्या अफवा पसरल्या तेव्हा कंपनीने त्यालाही जरा मागे घेतले.

हे सारे पाहून मी भारावून गेलो. ज्या गावात मी वाढलो नाही, त्या गावाच्या आठवणीने माझा गळा दाटला. लेकीच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहायचे. संध्याकाळी मी त्यांना माझे कौतुक सांगितले, तर ते म्हणाले, ''मग तुम्ही सॅम्बोज पाहायलाच हवे. ते तर तुमच्या इंडियाचेच आहे!'' आत जाऊन त्यांनी एक लाकडी नाणे आणले. त्यावर हॉटेलचे नाव होते. ते दाखवले की पूर्वी एक कप कॉफी फुकट मिळे. एरवी दर दहा सेंट. ''वडील दर रविवारी न्यायचे,'' ते म्हणाले आणि नाणे माझ्या हातात ठेवले. त्यांचे डोळे ओले होते.

पुढच्या रविवारी आम्ही सांता बार्बराला गेलो. समुद्रासमोर, ताडांच्या रांगेत ते हॉटेल. १९५७ साली सॅम बॅटिस्टोन आणि न्यूवेल बोनेट या दोघांनी ते काढले. एकाच्या नावातला 'सॅम', दुसऱ्याच्या नावातला 'बो'. नाव जुळले आणि गोष्टही आयती मिळाली. हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंची, 'लिटल ब्लॅक सॅम्बो'. एक पोरगा रानात जातो, वाघ त्याला अडवतात, तो एकेकाला आपला लाल कोट, निळी विजार, जांभळे जोडे, हिरवी छत्री देऊन जीव वाचवतो. मग वाघच आपसात भांडतात, झाडाभोवती धावता धावता वितळतात आणि त्यांचे तूप होते. त्या तुपात आई पॅनकेक करते आणि पोरगा एकशे एकोणसत्तर खातो. पॅनकेक विकणाऱ्याला याहून चांगली जाहिरात कुठे मिळणार? भिंतीवर चित्रे लागली: रत्नजडित पगडीतला हसरा मुलगा आणि वाघ. १९७० च्या दशकाच्या अखेरीस देशभर अकराशेहून अधिक हॉटेले झाली.

ही गोष्ट लिहिली गेली आपल्याच देशात. मुलींना थंड हवेच्या ठिकाणी ठेवून बाई कोडाईकॅनालहून मद्रासला परतत होत्या, तेव्हा प्रवासात त्यांनी ती रचली. १८९९ साली लंडनला पुस्तक निघाले. त्यांचे पती सरकारी डॉक्टर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेचे, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेचे ते प्रमुख होते. गोष्टीचे हक्क अवघ्या पाच पौंडांना गेले आणि त्याबरोबर बाईंचा ताबाही गेला. त्यांची स्वतःची चित्रेही फार सोज्वळ नव्हती. पण अमेरिकेत चोरून छापलेल्या आवृत्त्यांत त्या मुलाला मोठे ओठ, वटारलेले डोळे देऊन मळ्यातला गुलाम केले गेले. 'सॅम्बो' ही तिथे काळ्या माणसांना हिणवण्याची आधीपासूनची शिवी. पुस्तकात तूप आहे, वाघ आहेत, पण ऐकणाऱ्याच्या कानावर शिवीच पडते.

हॉटेलातला पोरगा मात्र हळूहळू गोरा होत गेला आणि त्याची पगडी चकचकीत होत गेली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ईशान्येकडील गावांत निदर्शने झाली, काही ठिकाणी कंपनीने 'जॉली टायगर' हे नाव लावून पाहिले. म्हणजे पोरगा काढला, वाघ ठेवला! १९८१ मध्ये दिवाळे निघाले. एकट्या नावामुळे नव्हे. नफ्यातला वाटा काढून घेतल्यामुळे व्यवस्थापकही बिथरले होते. शेवटी मूळचे एकच हॉटेल उरले, त्यात मी बसलो होतो.

पॅनकेक चांगले होते. आपल्या घावनाचे जाडजूड भावंड. पण वर भिंतीवरच्या त्या पोराकडे पाहताना मला घास गिळवेना. तो माझा होता आणि माझा नव्हताही. माझे नाव ऐकल्यावर ''अरे वा, मराठी छान बोलता हो तुम्ही'' असे म्हणणारी माणसे मला जन्मभर भेटली आहेत. त्यांच्या मनात काही वाईट नसते. ती हसून, प्रेमानेच म्हणतात. आमच्या घरात मराठीखेरीज दुसरी भाषा बोलली गेलेली नाही, हे मी त्यांना आता सांगत नाही. त्या पोराचे हसू मला तसे वाटले. ज्याला लावले त्याचे ते नव्हते, लावणाऱ्याचे होते.

आणि मला ती वर्षेही आठवली, ज्यांच्यासाठी शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते. फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ या दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर बसले, आणि त्यांना साधी कॉफी नाकारली गेली. ते उठले नाहीत. जुलैत काउंटर सर्वांना खुला झाला. देशभरचा कायदा यायला १९६४ उजाडले. तो काउंटरही आता संग्रहालयात आहे. कमानींइतका सुंदर नाही, साधा स्टीलचा आणि प्लॅस्टिकचा आहे. तरी मला विचाराल तर त्या दशकातली जपावी अशी हॉटेलची वस्तू पहिली ती, आणि डाउनीची पाटी दुसरी.

हे मी शेजाऱ्यांना बोललो नाही. त्यांचे वडील आणि तो रविवार खराच होता. कुठल्या तोंडाने सांगणार?

२०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेला. जूनमध्ये लेकीचा फोन आला, ''अब्बा, सांता बार्बराची पाटी उतरवली.'' मालकांनी नावाच्या जागी आधी शांततेचे चिन्ह आणि 'लव्ह' हा शब्द लावला, मग नावच बदलले. मला बरे वाटले. आणि थोडे चुकल्यासारखेही वाटले, हे कबूल करतो. पाटीवरचे लाल अक्षर फार सुरेख होते.

नाणे माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या उन्हाळ्यात नात गावी आली होती, तिला ते सापडले. तिने बोट फिरवून अक्षरे वाचली आणि विचारले, ''नाना, सॅम्बो कोण?'' मी म्हटले, ''बस, सांगतो. एक मुलगा होता. त्याच्याकडे हिरवी छत्री होती.'' तिने पुन्हा विचारले, ''पण त्याचे नाव काय?'' मी म्हटले, ''ते शेवटी. आधी वाघ येऊ दे.''